परस्पर संमतीने घटस्फोट : दोघांच्या नावावरचा फ्लॅट, होम लोन आणि एकरकमी पोटगी (इंदूर)

रामबागकर
नमस्कार मंडळी. मामेबहिणीसाठी विचारतोय. नवरा-बायको दोघंही इंदूरलाच नोकरीला. दोन वर्षांपासून वेगळे राहतात, संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलंय, अर्ज अजून लावलेला नाही. निपानियातला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि त्यावरचं कर्जही दोघांचं, अजून २८ लाख बाकी. फ्लॅट त्याला, तिला एकरकमी २२ लाख, सहा वर्षांची मुलगी तिच्याकडे, असं ठरलंय. समझोत्याच्या मसुद्यात कर्जाबद्दल एकच ओळ आहे : ‘यापुढील सर्व हप्ते पती भरेल.’ एवढ्यावर ती कर्जातून मोकळी होते का? आणि २२ लाखांवर टॅक्स लागेल का?

कज्जेदलाल
नाही होत. तो करार नवरा-बायकोतला, बँक त्यात कुठेच नाही. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणजे २८ लाखांतल्या एकेका रुपयाला दोघंही पूर्ण जबाबदार. उद्या त्याने हप्ता चुकवला तर नोटीस हिलाही येणार आणि सिबिल हिचाही पडणार. त्याने वेळेवर भरले तरी हिच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसत राहतं, त्यामुळे हिला स्वतःसाठी घर घ्यायचं झालं तर तेवढी पात्रता कापली जाते.

मसुद्यातली ती ओळ बदलून असं लिहून घ्या : अमुक तारखेपर्यंत पती सहकर्जदार म्हणून पत्नीचं नाव बँकेकडून लेखी कमी करून घेईल किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर नेईल. बँकेचं पत्र दाखवल्याशिवाय सेकंड मोशनचा (संमतीच्या अर्जावर कोर्टात दोघांचा दोनदा जबाब होतो, त्यातला दुसरा) जबाब होणार नाही.

बँक नाव सहजी काढत नाही. त्याच्या एकट्याच्या पगारावर ती सगळी पात्रता नव्याने तपासते, आणि हप्ता पगाराच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर बहुतेक ठिकाणी फाइल अडते. मग त्याच्या वडिलांना किंवा भावाला सहकर्जदार करायचं, थोडं मुद्दल आधी फेडायचं, नाहीतर सरळ फ्लॅट विकायचा. कर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतीआधी फेडायला किंवा दुसऱ्या बँकेत न्यायला दंड नाही. बँकेने ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ असं तोंडी सांगितलं, तर त्यावर विसंबून रजिस्ट्री करू नका. गहाण मालमत्तेचा हिस्सा बँकेच्या एनओसीशिवाय सोडला की हिचा हक्क जातो आणि कर्ज मात्र गळ्यात राहतं. यापेक्षा वाईट अवस्था नाही.

जमाखर्च
टॅक्सचं सांगतो. एकरकमी कायम पोटगी ही भांडवली प्राप्ती धरली जाते, तिच्यावर आयकर नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. प्रतापगढच्या राजकुमारी महेश्वरी देवींच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हाच फरक केला होता. देणाऱ्याला दोन्हीपैकी कशाचीही वजावट मिळत नाही.

पण २२ लाख कशाचे आहेत, हे मसुद्यात स्पष्ट हवं. ती रक्कम तिच्या हिश्श्याची किंमत म्हणून लिहिली तर तो विक्रीव्यवहार झाला आणि तिला भांडवली नफ्याचा हिशेब द्यावा लागेल. तिनेही हप्ते भरले असतील तर काही भाग खरोखर किंमतच असू शकतो. खरं असेल ते वेगवेगळ्या रकमांनी लिहा.

आता वेळेचा मुद्दा. हिस्सा विनामोबदला सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र डिक्रीच्या (घटस्फोटाच्या अंतिम हुकमाच्या) आधी नोंदवा. पती-पत्नी आयकर कायद्यात ‘नातेवाईक’ आहेत, डिक्रीनंतर नाहीत. नंतर केलं तर त्या हिश्श्याची गाइडलाइनप्रमाणे (सरकारी दराने) येणारी किंमत त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते.

कज्जेदलाल
जमाखर्चभाऊंचं टॅक्सचं गणित बरोबर आहे, फक्त त्यात एक धोका आहे. सेकंड मोशन होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच हे स्पष्ट केलंय. ताईंनी आधी हिस्सा सोडला आणि त्याने नंतर पाय मागे घेतला, तर? म्हणून फर्स्ट मोशनच्या जबाबातच दोघांची हमी कोर्टासमोर नोंदवून घ्या. ती मोडली तर अवमानाचा अर्ज लावता येतो. पैशाचे टप्पेही तसेच बांधा : काही रक्कम फर्स्ट मोशनला, मोठा भाग हक्कसोडपत्राच्या दिवशी उपपंजीयक कार्यालयात हातोहात, उरलेली सेकंड मोशनला. सगळं डिमांड ड्राफ्टने, आणि ड्राफ्टचा नंबर जबाबात. पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका. ते परत आले की वेगळाच खटला चालवावा लागतो.

दोन मोशनमध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं. मात्र वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं असेल आणि सगळ्या बाबी मिटल्या असतील, तर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे ते माफ करून मागता येतं. यांना लागू पडेल. पण बँकेचं काम रखडलेलं असेल तर घाई करू नका, ते सहा महिने वापरा.

रामबागकर
मसुद्यात मुलीबद्दल ‘पत्नी कोणताही खर्च मागणार नाही’ असंही आहे.

कज्जेदलाल
ते वाक्य काढून टाका. मुलीचा हक्क आई सोडू शकत नाही, तसं लिहिलं तरी मुलीसाठी पोटगीचा अर्ज पुढे लागतोच. तिचा खर्च २२ लाखांच्या बाहेर, वेगळा लिहा : शाळेची फी कोण भरणार, दरवर्षी किती वाढ, आरोग्यविमा कोणाच्या पॉलिसीत. सुकन्या खातं असेल तर पुढचे पैसे कोण भरणार आणि खातं कोण चालवणार, हेही. भेटीचे वार आणि सुट्ट्या ठरवताना ‘परस्पर सोयीने’ असं मोघम लिहू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

लोकमान्यनगर_काकू
दागिन्यांचं कुणीच बोललं नाही. स्त्रीधन तिचंच आहे, ते पोटगीत धरायचं नाही. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी मिळून उघडा आणि वजनासकट यादी करा (पाटल्या दोन, अमुक ग्रॅम, मंगळसूत्र, चांदीची भांडी). यादीवर दोघांच्या सह्या घेऊन ती समझोत्याला जोडा. ‘सर्व स्त्रीधन मिळाले’ या ओळीवर सामान हातात पडल्यावरच सही करायची गं बाई.

जमाखर्च
डिक्रीनंतरची कामं राहून जातात, म्हणून तीही लिहितो. घटस्फोटाने मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, आधीच्या जोडीदाराचं नाव असेल तर नवीन करा. पीएफचं ई-नॉमिनेशन बदलून आधार ओटीपीने ई-साइन करा, त्याशिवाय ते पूर्ण होत नाही. बँक, म्युच्युअल फंड, विमा सगळीकडे नॉमिनी बदला. अपवाद विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली काढलेल्या पॉलिसीचा : तिचा पैसा बायको-मुलांच्या ट्रस्टचा असतो, नवऱ्याला तो मनाने फिरवता येत नाही. त्याच्याकडे अशी पॉलिसी असेल तर समझोता करतानाच विचारा.

कर्ज दुसऱ्या बँकेत गेलं तर जुन्या बँकेचं नो ड्यूज पत्र ताईंनी स्वतःच्या नावाने घ्यावं आणि महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टवर ते खातं ‘बंद’ दिसतंय का पाहावं. नगर निगमात नामांतरण त्याला करायचंय, पण अर्जाची पावती हिनेही ठेवावी. डिक्रीची प्रमाणित नक्कल एकदमच चार-पाच काढा, बँकेत आणि इतर ठिकाणी लागते.