घराजवळचा बर्फ: स्नोशू, स्की आणि सोबतीचे अनुभव

कसारा_शेवटची_लोकल (सिएटल)

मुंबईत असताना शनिवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल धरायची आणि रविवारी उजाडताना डोंगरात असायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं हिवाळा मी फक्त खिडकीतून पाहिला. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य बुडतो, पाऊस थांबत नाही, आणि माणूस आपोआप घराच्या आत आणि स्वतःच्याही आत जाऊन बसतो. तिसऱ्या वर्षी ऑफिसातल्या दोघी-तिघींनी ओढून स्नोक्वाल्मी पास नावाच्या घाटात नेलं आणि सूत जुळलं.

म्हणून हा धागा. रिसॉर्ट, लिफ्टची तिकिटं, आठवड्याची पॅकेजं यावर इतर ठिकाणी भरपूर लिहून झालंय. इथे घराजवळचं लिहा: सकाळी निघून रात्रीच्या वरणभाताला परत येता येईल एवढंच लांब, स्वतःच्या पायांनी चढलेलं, आणि बरोबर मित्रमंडळी. फजितीही लिहा. किंबहुना तीच आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात. आय-९० महामार्गाने तासाभरात घाट, गाडीवर स्नो-पार्कचा, म्हणजे तिथल्या हिवाळी पार्किंगचा परवाना, आणि तिथून गोल्ड क्रीक पाँडपर्यंतचा जवळजवळ सपाट रस्ता. इथला बर्फ समुद्राच्या ओलाव्याने जड असतो, लोक त्याला 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात. स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, घालून पहिली शंभर पावलं मी स्वतःच्याच पायावर पाय देत होते. पाय जरा फाकवून चालायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग आम्हाला बर्फात दोन सुरेख रूळ दिसले. काय सोय आहे, म्हणत आम्ही सहा जणी त्यावरून रांगेने निघालो. मागून सत्तरीच्या एक बाई स्कीवर आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मी सकाळी पाडलेत. तुम्ही बाजूने चाललात तर परतताना मला वापरता येतील." आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. मागे वळून पाहिलं तर रुळांच्या जागी नांगरट झाली होती. तेव्हापासून मी स्कीच्या रुळांवर पाय ठेवत नाही, आणि दुसऱ्या कुणी ठेवलेला दिसला की त्या बाईंसारखं हळू बोलायचा प्रयत्न करते. जमतंच असं नाही.

---

मेणबत्तीवाला (ओस्लो)

आमचं धाग्याच्या नियमात बसतं का माहीत नाही, कारण इथे घराजवळ म्हणजे मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाजवळ. डब्यात निम्मे लोक स्की हातात धरून उभे असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सोन्सव्हानला उतरायचं, तळ्याच्या कडेने जंगलात शिरायचं. झाडांवर लाल खूण असेल तर स्कीची वाट, निळी असेल तर उन्हाळ्यातली पायवाट. उलेवोलसेटर या जंगलातल्या खानावळीत पोचलं की गरम वॅफल. ऑफिस सुटल्यावर जाता येतं, कारण काही वाटांवर रात्री दिवे असतात.

माझी फजिती मेणाची. स्कीच्या मधल्या भागाला तापमान पाहून मेण लावायचं, म्हणजे चढाला मागे घसरत नाही. शून्याच्या आसपास हे गणित हमखास चुकतं. एका मार्चमध्ये मित्राच्या सल्ल्याने मी क्लिस्टर नावाचा चिकट प्रकार लावला. तो स्कीला कमी आणि हातमोजे, दाढी आणि पाठपिशवीला जास्त लागला. फणसाच्या चिकाशी ज्याचा संबंध आलाय त्याला जास्त सांगायला नको. घरी येऊन पहिल्यांदा गोडेतेलच शोधलं.

---

वाचतेय_नुसती (पुणे)

मस्त धागा. बर्फात जायचा योग नाही, पण सोन्सव्हान नकाशावर शोधून आले.

---

उताराचं_गणित (डेन्व्हर)

आम्ही चौघं: मी कोल्हापूरचा, एक नागपूरकर, एक धारवाडचा कानडी मित्र आणि एक इथलाच. बर्थड पास आमच्यापासून सुमारे दीड तास. ११,३०७ फूट. इथे पूर्वी स्की एरिया होता, तो २००१ मध्ये बंद झाला आणि लिफ्टही गेल्या. आता ज्याला उतरायचंय त्याने आधी चढायचं.

चढण्यासाठी स्कीच्या तळाला 'स्किन' चिकटवतात. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत, मांजराच्या पाठीसारखी. त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे येत नाही. टाच मोकळी ठेवायची. वर पोचलं की स्किन सोलून काढायची, टाच अडकवायची आणि खाली सुटायचं. स्किनच्या गोंदावर बर्फ बसला की ती पुन्हा चिकटत नाही, म्हणून ती जॅकेटच्या आत पोटाशी धरून ठेवतात. पहिल्या वर्षी मी ती बर्फावर पसरून घडी घालत बसलो होतो. पुढचं सांगत नाही.

आता खरं सांगायचं ते. आमच्याकडे प्रत्येकाजवळ बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं असतं. विकत घेतलं तेव्हा वाटलं, झालं, आपण तयार. मग कुणीतरी म्हणालं, आधी घरामागच्या बागेत सराव करू. एक बीकन प्लॅस्टिकच्या डब्यात घालून बर्फात पुरला आणि शोधायला लागलो. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर त्याच्या जगण्याची शक्यता बरीच असते, नंतर ती झपाट्याने घसरते. आम्हाला डबा मिळायला बावीस मिनिटं लागली. नागपूरकर म्हणाला, "डबा मेला रे." सगळे हसलो. आणि मग एकेक करून गप्प झालो. त्या हिवाळ्यात आम्ही दर बुधवारी डबा पुरला.

कोलोरॅडोचा बर्फ दिसायला हलका, पिठासारखा, पण खालून दगाबाज. सुरुवातीचा थर पातळ असतो, कडाक्याच्या थंडीत त्याचे साखरेसारखे सुटे दाणे होतात, आणि पुढचं सगळं बर्फ त्या साखरेवर येऊन बसतं. गेल्या जानेवारीत एकदा निघालो तेव्हा हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज पाचपैकी तिसऱ्या पातळीचा होता. तीन म्हणजे मधला, असं नवख्याला वाटतं. तसं नसतं. माणूस 'जाऊया की' म्हणतो तो याच पातळीला.

झाडांची हद्द संपायच्या जरा खाली पायाखालून 'धप्प' असा आवाज आला, गोदामात पोत्यावर पोतं टाकल्यासारखा, आणि आजूबाजूचा बर्फ एकदम किंचित खाली बसला. माझ्या पोटातही काहीतरी बसलं. वरचा उतार फोनने मोजला तर ३४ अंश. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. मी म्हणालो, "एवढे दोन तास चढलोय, कडेकडेने एकदा…" कानडी मित्र एरवी फार बोलत नाही. तो म्हणाला, "मला नको." आमच्यात एकाचं 'नको' म्हणजे सगळ्यांचं नको, कारण विचारायचं नाही. हा नियम मीच केला होता, म्हणून जास्त राग आला.

वळलो. झाडांतल्या मंद उतारावरून आलो. गुडघाभर कोरडा बर्फ, कसलाही आवाज नाही, फक्त पुढच्याच्या मागे उडणारी धूळ. आठ-दहाच वळणं मिळाली. गाडीत कुणी विषय काढला नाही. घाटाखाली आल्यावर नागपूरकराने तर्री पोह्यांवर बोलायला सुरुवात केली, तेव्हा हायसं वाटलं.

---

गारठलो_रे (शिकागो)

मी वेगळा सूर लावतो. मित्रांबरोबर एकदा गेलो, आवडलं नाही. वर जाताना घामाने भिजलो, थांबल्यावर तोच घाम गार पडला. जीन्स ओली होऊन पत्र्यासारखी ताठ झाली. बसायला गेलो तर वाकेना.

---

कसारा_शेवटची_लोकल (सिएटल)

@गारठलो_रे, जीन्स?! अहो, सुती काहीही नको, आतला गंजीफ्रॉकसुद्धा. चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गाडीपाशीच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय.

---

दाणकूट (कॅल्गरी)

चेस्टर लेक, कनॅनास्किस. जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर. इथे स्नोशूची वाट वेगळी आणि स्कीची वेगळी, त्यामुळे सिएटलच्या बाईंशी भांडण नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पाच जण गेलो होतो, पार्किंगमध्ये उणे चोवीस. नाकातले केस ताठ होतात तो आकडा. अनुभवाने शिकलेल्या गोष्टी: पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठतं आणि बुचाची बाजू मोकळी राहते. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी मान टाकते. खाण्याचं मात्र प्रयोग करूनच कळलं. थालीपीठ म्हणजे स्लेटपाटी. चॉकलेटने मैत्रिणीच्या दाताचा टवका उडाला. तिळगुळाचा लाडू मुळातच दगड असल्यामुळे त्याला काही फरक पडला नाही. शेवटी जिंकली ती गूळपोळी, तुपाचा हात लावलेली, जॅकेटच्या आत ठेवलेली.

तळ्यावर बसलो होतो तेव्हा 'कॅनडा जे' नावाचा करडा पक्षी अगदी हाताशी आला. पक्ष्यांना खायला घालू नये हे आम्हाला माहीत होतं, त्याला नव्हतं. पोळीचा तुकडा घेऊन तो स्प्रूसच्या फांदीवर बसला आणि दुसऱ्या मिनिटाला अख्खी जमात घेऊन आला.

---

बिऱ्हाड_मनालीत (मनाली)

परदेशातल्यांच्या रांगेत देशातली एक. वर्क फ्रॉम होमच्या काळात महिनाभरासाठी आले, चौथा हिवाळा चालू आहे. माझं घराजवळचं ठिकाण म्हणजे हमट्याच्या रस्त्यावरचं सेठन. रस्ता जिथे पांढरा होतो तिथे गाडी सोडायची आणि भाड्याचे स्नोशू चढवायचे.

स्की शिकले ते इथल्या पर्वतारोहण संस्थेच्या सोलंगच्या बेसिक कोर्समध्ये. सुरुवातीला फक्त पडायचं कसं आणि उठायचं कसं. मग स्की तिरक्या रोवून खेकड्यासारखं चढायचं. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांत मी एकटी बेचाळीसची. पोरं 'दीदी' म्हणायची, तिसऱ्या दिवसापासून 'आंटी'.

आता गावातल्या दोघी मैत्रिणी आणि मी फेब्रुवारीत दर रविवारी निघतो. त्यांना बर्फाचं अप्रूप नाही. त्यांच्या लेखी ते छपरावरून ओढून काढायचं काम. एक मला म्हणाली, "तुम लोग पैसे देके बर्फ में चलते हो?" पण येते. तिची आई फडक्यात गरम सिड्डू बांधून देते, आत अक्रोडाचं सारण, वर तूप सोडायला वेगळी डबी. देवदाराखाली बसून ते खाताना वरच्या फांदीवरचा बर्फ बरोबर माझ्याच मानेत पडतो.

---

मोहरी_तडतडली (झुरिक)

आमची आई साताऱ्याहून जानेवारीत आली. वय ६६, आयुष्यभर कास आणि यवतेश्वर पायी फिरलेली. आमचा चौघांचा गट महिन्यातून एकदा आइन्सीडेल्नच्या बाजूला जातो. रेल्वे, मग बस. इथे स्नोशूच्या वाटांना गुलाबी खुणा असतात, आणि काही भाग हिवाळ्यात प्राण्यांसाठी बंद ठेवतात, कारण हरणं घाबरून खोल बर्फात पळाली की साठवलेली ताकद वाया जाते. हे आईला सांगितल्यावर ती तिथून पुढे कुजबुजतच बोलायला लागली.

तिने साडी नेसण्याचा आग्रह सोडला, पण कानाला मफलर मात्र तिच्याच पद्धतीने, हनुवटीखाली गाठ मारून. स्नोशूंकडे पाहून म्हणाली, "हे आपल्या इरल्याच्या खालच्या बाजूसारखं दिसतंय." अर्ध्या तासात ती आमच्या पुढे. चढाला टाचेखालची तार उभी केली की पोटऱ्यांना आराम मिळतो, हे तिनेच माझ्या बायकोला दाखवलं. कुठून कळलं विचारलं तर म्हणे, पुढचा मुलगा करत होता.

माथ्यावर ढग होते, काही दिसलं नाही. आईने थर्मॉस उघडून सगळ्यांना चहा दिला, माझ्या जर्मन मित्रालाही, आणि त्याला मराठीत दटावलं, "टोपी घाल बघू." त्याने घातली.

---

नवीन_आलोय (बेलव्ह्यू)

गेल्या महिन्यात सिएटलच्या या भागात राहायला आलो. कळसूबाई आणि रतनगड सोडता काही केलेलं नाही. स्नोशू विकतच घ्यावे लागतात का? आणि एकट्याने जावं का?

---

कसारा_शेवटची_लोकल (सिएटल)

@नवीन_आलोय, भाड्याने घ्या, बहुतेक आउटडोअरच्या दुकानांत दिवसावर मिळतात. एकट्याने नको. शनिवारी आम्ही साडेसहाला निघतोय, गाडीत एक जागा आहे, टायरला लावायच्या चेन माझ्याकडे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी हिमस्खलनाचा अंदाज आला की नक्की करू. खराब असेल तर माझ्याकडे मिसळ. जीन्स घालू नका.