विषय: सोलापूरच्या पिकअपला टायर कुठले?

श्रीकांत (ह्यूस्टन):
मंडळी, नमस्कार. धाकटा भाऊ मोहोळजवळ डाळिंब करतो. त्याच्या जुन्या पिकअपचे मागचे टायर पार गोटा झालेत. दुकानदार म्हणतो, २३५/७५ आर १५ या मापात कारचाच टायर घ्या, स्वस्त पडतो, गाडीही मऊ चालते. वर त्याचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) १०५ आणि एलटीचा, म्हणजे ‘लाइट ट्रक’ टायरचा, १०४. भावाला आकडा पटलाय. माझ्या इथल्या पिकअपलाही कारचेच टायर आहेत. काय सांगू त्याला?

माधवकाका:
श्रीकांत, दुकानदार खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. १०५ म्हणजे ९२५ किलो, १०४ म्हणजे ९००. पण अमेरिकी मानकांप्रमाणे कारचा टायर पिकअपला लावला की त्याची क्षमता १.१ ने भागतात. पिकअप जास्त डुलते, खडकाळ रानात शिरते, आणि मालक कधी ना कधी जास्त माल भरतोच. मग ९२५ चे उरले ८४०. मागच्या दोन टायरांवर १६८० विरुद्ध १८००. वीस किलोचा क्रेट धरला तर सहा क्रेटचा फरक.

सहा क्रेटसाठी जास्तीचे पैसे कशाला, असं भाऊ म्हणेल. खरी गोष्ट साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची आहे. एलटीचा सांगाडा दणकट असतो, बांधावरच्या दगडाला आणि भरल्या गाडीला तो दाद देत नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर, त्यात पुण्याला माल घेऊन जाणार. वजन जास्त आणि हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, तापतो आणि शेवटी फुटतो.

मात्र ते ९०० किलो ‘लोड रेंज सी’च्या (टायरच्या मजबुतीचा वर्ग) एलटीत ५० पीएसआय हवा असली तरच. पंक्चरवाल्याने सवयीने ३५ भरली, तर तोच एलटी कारच्या टायरपेक्षाही कमी वजन पेलेल. मग एलटी घेऊन उपयोग काय? रिम आणि व्हॉल्व्ह ५० ला चालतात का, तेही आधी विचार. आणि एका अ‍ॅक्सलला दोन जातींचे टायर नकोत. चारही सारखे असतील तर उत्तम.

तुझी गाडी ऑफिस आणि किराणा करते. तिला कारचे टायर ठीक आहेत, तिचं बघून भावाला सल्ला देऊ नकोस.

वैशाली:
काका, पण रिकाम्या गाडीत ५० हवा म्हणजे उडतं बघा मागून! आमच्या आई अशाच गाडीतून पंढरपूरला गेल्या, दोन दिवस कंबर धरून होत्या. आणि टेंभुर्णीला चहाला थांबलं की आमचे ड्रायव्हर दुपारची हवा सोडतात, ते बरोबर का?

माधवकाका:
अजिबात नाही. चालून टायर तापला की हवेचा दाब वाढतोच. तेव्हा सोडली की गार झाल्यावर कमी भरते. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजायची. रिकाम्या खेपेला कमी चालेल, पण पुन्हा माल भरताना वाढवायची आठवण कोण ठेवणार? रोज माल असेल तर उडू दे. आईंना एसटीने पाठवा.

श्रीकांत:
भावाशी बोललो. एलटीच घेतोय, चारही. पुढचे दोन दिवाळीनंतर. डिसेंबरात सोलापूरला कोण जातंय? हवेचा गेज पाठवायचाय, खिशात मावतो. तिथेही मिळतो, पण तो काही घेणार नाही.