‘चमत्कार’ की आणखी काही? रुबेन्सच्या चित्राचं शीर्षक अडलंय

सायलीपान: रुबेन्सच्या एका चित्रावरचा लेख मराठीत आणतेय. 1617-18 मध्ये अँटवर्पच्या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) चर्चसाठी रंगवलेलं हे चित्र आता व्हिएन्नात आहे, उंची पाच मीटरच्या वर. काळ्या झग्यातले ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर चौथऱ्यावर हात उंचावून उभे. खाली एक आंधळा चाचपडतोय, पुरलेला माणूस कबरीतून उठतोय. मी ‘संत झेवियर यांचे चमत्कार’ लिहिलं. संपादक म्हणतात, जादूचे प्रयोग वाटतात. काय लिहू?

मांडवीकाठ: चमत्कारच लिहा. रेड्यामुखी वेद वदवले, त्याला आपण दुसरं काय म्हणतो? आमच्याकडे गोव्यात ‘मिलाग्र’ म्हणतात, शब्द पोर्तुगीज. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेला, माझी आजी तेल घेऊन जायची, आणि आम्ही हिंदू.

जुनीपोथी: ‘करामत’ का नको? अरबीत नेमका हाच अर्थ: प्रेषिताने केला तो मोजिझा, संताने केली ती करामत. आपण तिची हातचलाखी करून टाकली.

पाटावरवंटा: मूळ काहीही असो, दूध सांडलं की आई म्हणायची, “काय करामत केलीस?” मराठी कानाला तेच ऐकू येणार. महानुभावांचा ‘लीळा’ हा आपला शब्द आहे ना?

जुनीपोथी: चक्रधर त्यांच्यासाठी साक्षात ईश्वर, म्हणून त्यांच्या लीळा. झेवियर स्वतः काही करत नाहीत, उजेड आभाळातून येतोय. तो वर केलेला हात पाहा.

सायलीपान: हे पटलं. पण मग ‘संत’ही अडतं. त्यांना संतपद मिळालं 1622 मध्ये, चित्र त्याआधीचं.

पाटावरवंटा: तुकोबांना कुणी पद दिलं? लोक म्हणतात तो संत.

जुनीपोथी: कॅथलिकांकडे रीत वेगळी. चमत्कारांची चौकशी व्हायची, साक्षी नोंदवायचे. म्हणून तर हे चित्र त्या वेळी महत्त्वाचं.

सायलीपान: आणखी एक. मागे देवळातून एक मूर्ती उन्मळून पडतेय. तिच्यासाठी लेखात जो शब्द आहे, त्यात तुच्छता आहे. ‘मूर्ती’ लिहिलं तर ती तुच्छता जाते. ‘बाहुलं’ लिहू?

मांडवीकाठ: नका, ताई. पोर्तुगीजांच्या भीतीने मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून रातोरात नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला, ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो. आजी ती सांगायची आणि सायबिणीला तेलही न्यायची. चित्रकाराला काय दिसलं ते त्याचं. मराठीत लिहिताय, तर ‘मूर्ती’च लिहा.