चिलिकाची डॉल्फिन बोट सहलीतून वगळावी का?

पाणकावळा

ओडिशाला निघालेल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. भुवनेश्वर, कोणार्क, पुरीला जगन्नाथाचं दर्शन, आणि मग हातासरशी चिलिका सरोवर. म्हणजे पुरीहून पन्नासेक किलोमीटरवरच्या सातपाड्याला जायचं, डॉल्फिन दाखवणारी बोट करायची आणि संध्याकाळपर्यंत परत. माझं म्हणणं एवढंच की ही बोट कार्यक्रमातून काढून टाका.

तिथे होतं काय ते सांगतो. लांबोळकी होडी, वर छप्पर, मागे लांब दांड्याचं डिझेल इंजिन. शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. कुठेतरी करडी पाठ क्षणभर वर येते. नावाडी एकमेकांना हाका घालतात आणि आजूबाजूच्या सगळ्या होड्या तिकडे धावतात. मग पाठ काही पुन्हा दिसत नाही. मुलं हिरमुसतात, कारण त्यांच्या डोक्यात उड्या मारणारा, चोचवाला डॉल्फिन असतो. चिलिकातला इरावडी डॉल्फिन तसा नसतोच. गोल डोकं, चोच नाही, पाठीवर इवलासा पर. श्वासापुरता वर येतो की गेला खाली. साधारण हजार चौरस किलोमीटरच्या सरोवरात हे असतील दीडशेच्या आसपास. २०१७ पासून जागतिक यादीत ही जात धोक्यात असलेल्यांत धरली जाते.

त्यापेक्षा सरोवराच्या उत्तर कडेला मंगलाजोडीला जा. भुवनेश्वरहून गाडीने दीड-दोन तास. बांबूने रेटायच्या सपाट होड्या, इंजिनाचं नाव नाही. थंडीत गॉडविट, तलवार बदकं, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या जवळ की दुर्बीण गळ्यातच राहते. होडी रेटणाऱ्यांतले कित्येक जण पूर्वी हेच पक्षी मारून विकायचे. आता तेच राखण करतात. पैसे द्यायचेच तर त्यांना का देऊ नयेत?

मालवणी_माणूस

पैसे कोणाला द्यायचे हे ठरवणं तुम्हाला सोपं आहे हो. सातपाड्याच्या बोटवाल्याने काय करायचं? २०१९च्या मेमध्ये फनी चक्रीवादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आलं. पुढच्या वर्षी करोना. सलग दोन हंगाम बुडाल्यावर ज्यांनी कर्ज काढून होड्या उभ्या केल्या, त्यांना तुम्ही सांगणार की आमच्या संवेदनशील मनाला तुमचं इंजिन खुपतं?

आमच्याकडे तारकर्ली-देवबागला डॉल्फिन दाखवायला बोटी जातात. त्या बंद करा म्हणणारे दरवर्षी येतात आणि पापलेट खाऊन जातात. ज्या पोराने बोट घेतली, ते पोर मुंबईला नोकरीला गेलं नाही, हे त्यांच्या हिशेबात धरतच नाहीत.

सुमनताई_पुणे

तुम्ही दोघं तत्त्वाचं बोलताय, मी कॅलेंडरचं बोलते. मुलांच्या सुट्ट्या दोन, दिवाळी आणि मे. दिवाळीत पक्षी नुकते उतरायला लागलेले असतात, खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात मंगलाजोडीला मी काय बघायचं, चिखल? भितरकनिकाला मगरी बघायला जाऊ म्हटलं, तर मगरींच्या विणीसाठी ते मे ते जुलै बंद. सिमलीपालचं जंगल पावसाळ्यात बंद. म्हणजे शाळेच्या वेळापत्रकाने चालणाऱ्या कुटुंबाला मे महिन्यात डॉल्फिनच उरतो, कारण तो बारा महिने तिथेच असतो.

आणखी एक. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्या डुगडुगत्या सपाट होडीत तासभर मांडी घालून कोण बसणार? सातपाड्याच्या बोटीत निदान बाक आहे, डोक्यावर सावली आहे.

पाणकावळा

सुमनताई, गुडघ्यांचा मुद्दा बिनतोड. पण मग डॉल्फिनच्या मागे कशाला? सातपाड्याहून समोर जान्हीकुडाला फेरीबोट जाते. गाड्या, मोटारसायकली, माणसं, सगळं घेऊन. गावकऱ्यांची रोजची वाट आहे ती. डॉल्फिन त्याच पाण्यातले. दिसला तर दिसला. ती फेरी कोणाच्या मागे धावत नाही.

मालवणी, बंदी घाला असं मी कुठे म्हटलं? तुम्ही-आम्ही जाऊ नये एवढंच. गिऱ्हाईक कमी झालं की धंद्याची रीत बदलते. मंगलाजोडीत शिकारीची रीत बदलली ती काही आपोआप नाही. गावात पक्षी राखणारी समिती उभी राहिली आणि पक्षी बघायला येणाऱ्यांचे पैसे सुरू झाले, म्हणून बदलली.

ऑरेंज_सिटी

आम्हा नागपूरकरांना ओडिशात उगीचच घरी गेल्यासारखं वाटतं. १७५१ ते १८०३ कारभार भोसल्यांचाच होता. पुरीच्या सिंहद्वारासमोर जो अरुणस्तंभ आहे, तो मूळचा कोणार्कचा, मराठ्यांच्या काळात इकडे आणून उभा केला. फोटो सगळे काढतात, हे कोणी सांगत नाही. असो, विषयांतर झालं.

बोटीबद्दल माझं गाऱ्हाणं वेगळं. सरोवर समुद्राला मिळतं त्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरवतात. तिथे एक जण डब्यातले लाल खेकडे दाखवतो, दुसरा शिंपला फोडून आतून 'मोती' काढतो. तिसऱ्या शिंपल्यातून तर लाल खडा निघाला! शिंपल्यात माणिक पिकतं हे त्या दिवशी कळलं. बायको म्हणाली, घेऊन टाका, शंभर रुपयांत एवढी करमणूक कुठे मिळते? डॉल्फिनचं राहू द्या, निदान हा तमाशा तरी बंद करा.

खंडगिरीकर

नोकरीनिमित्त भुवनेश्वरला राहतो, चिलिकाला वरचेवर जाणं होतं. पाणकावळ्याचा राग चुकीच्या माणसावर निघतोय.

चिलिकाला खरा त्रास घेऱ्यांचा. घेरी म्हणजे बांबू आणि जाळी लावून सरोवराचाच तुकडा अडवायचा आणि आत झिंगा वाढवायचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चिलिकाच्या हजार मीटरच्या आत कोळंबीशेतीला मनाई केली. तरी घेऱ्या पुढेही वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या, कारण झिंग्यात पैसा आहे आणि पैशाला हात लांब असतात. घेरीने पाणी अडतं, माशांची वाट अडते, पिढीजात कोळ्याचं क्षेत्र जातं, डॉल्फिनलाही फिरायला जागा राहत नाही. दुसरं म्हणजे मासेमारीची तरती जाळी. डॉल्फिन त्यात अडकला की श्वासाला वर येता येत नाही, बुडून मरतो.

आता सांगा, त्या पाण्यात डॉल्फिन जिवंत राहण्यात रोजचा फायदा असलेला माणूस कोण? बोटवाला. त्याला काढलंत तर त्या बाजूने बोलणारं स्थानिक कोणी उरत नाही.

हे सरोवर एकदा जाता जाता वाचलंय, हेही लक्षात घ्या. १९८१ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेल्या भारतातल्या पहिल्या दोन पाणथळींपैकी हे एक, दुसरं भरतपूर. पुढे मुख गाळाने भरत गेलं, समुद्राचं पाणी आत येईना, खारेपणा उतरला, पाणवेली माजल्या. १९९३ साली ते बिघडलेल्या पाणथळींच्या यादीत टाकलं गेलं. सप्टेंबर २०००मध्ये सातपाड्याच्या जवळ नवं मुख खणलं. १९९९-२०००ला मासळी पावणेदोन हजार टनांपर्यंत खाली आली होती, ती दोनेक वर्षांत दहा हजारांच्या वर गेली. २००२ साली नाव त्या यादीतून निघालं. एवढं मोठं दुखणं निस्तरणाऱ्यांना बोटींची शिस्त लावता येणार नाही असं मी मानत नाही.

पाणकावळा

घेरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मोठा चोर सुटतोय म्हणून लहान चोरी चालू द्यायची का? आणि बोटवाल्याला डॉल्फिन जिवंत हवा असणं वेगळं, पर्यटक वाट बघत असताना इंजिन बंद करणं वेगळं. पहिलं सगळ्यांनाच हवं असतं. दुसऱ्याची किंमत त्या दिवशीच्या बक्षिसीतून वजा होते.

कासवकट्टा_गुहागर

मी कासवांच्या बाजूने बोलतो. २०२१ला ओडिशात टॅग लावलेलं ऑलिव्ह रिडली कासव जानेवारी २०२५मध्ये आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलं. बहुधा श्रीलंकेला वळसा घालून! तेव्हापासून ओडिशा आम्हाला शेजारचंच वाटतं.

तिथे दोन तऱ्हा आहेत. गहिरमाथाचा विणीचा किनारा पर्यटकांना बंदच. क्षेपणास्त्र चाचणीचं बेट जवळ आणि वर सागरी अभयारण्य. ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी मात्र गावं किनाऱ्याला चिकटून. २०२५च्या फेब्रुवारीत तिथे सात लाखांच्या घरात माद्या आल्या. लोक मोबाइलचे टॉर्च लावून धावले तर काय होईल? मादी उजेडाने बिचकते, अंडी न घालताच परत फिरते. पिल्लं तर उजेडालाच समुद्र समजतात. तिथली गावकरी पोरं रात्रभर उभी राहून गर्दी थोपवतात.

म्हणून 'पर्यटक नको' आणि 'पर्यटक हवा' ही भांडणं मला पटत नाहीत. वेळासला आम्ही लोक बोलावतो, घराघरांत जेवू-राहू घालतो, पण पिल्लं सोडताना दोरीच्या अलीकडे उभं करतो. चिलिकाच्या पाण्यात ती दोरी कोण धरणार, हे सांगा.

मालवणी_माणूस

गिऱ्हाईकाने धरायची. देवबागला मी पाहिलंय. 'मारा अजून जवळ' म्हणून ओरडणारा बोटवाला नसतो, पाठीमागे बसलेला काका असतो. निघण्याआधीच नावाड्याला सांगा: लांब थांबव, इंजिन बंद कर, डॉल्फिन नाही दिसला तरी ठरलेले पैसे पूर्ण देणार, वर चहाला वेगळे. नाही कोण म्हणेल? त्याचं डिझेल वाचतं.

पाणकावळा

बोटीत चार कुटुंबं एकत्र भरली असतील तर तुमचं कोण ऐकणार?

मालवणी_माणूस

मग आख्खी बोट घ्या. पुरीच्या हॉटेलात समुद्राकडची खोली हवी म्हणून जास्तीचे मोजताच ना? इथे का हात आखडतो?

सुमनताई_पुणे

आख्खी बोट परवडेल, आम्ही सात जण आहोत. पण मे महिन्यात वारा उठला तर बंद इंजिनाची होडी हलते किती, ते कोणी अनुभवी सांगेल का? आणि ती जान्हीकुडाची फेरी दुपारीही असते का? सासूबाईंना सकाळी देवळातून बाहेर काढणं माझ्या हातात नाही.

खंडगिरीकर

मे महिन्यात दुपारनंतर वारा हमखास वाढतो, तेव्हा पाण्यावर सकाळीच जा. देऊळ आदल्या संध्याकाळी उरका. फेरीच्या वेळा धक्क्यावर विचारूनच ठरवा. वाहनं लवकर भरतात, माणसांना मात्र जागा मिळते. सासूबाईंसाठी छत्री न्या, शिंपल्यातला मोती घेऊ नका.