स्पॅनिश कादंबऱ्या वाचायच्या आहेत, कोणत्या पुरस्काराची यादी धरावी?

उंबरठा

मंडळी, एक सरळ प्रश्न. स्पॅनिशमधून आलेलं आजवर जे थोडंफार वाचलं ते सगळं कुणीतरी हातात दिलं म्हणून. आता जरा रीतसर वाचायचा विचार आहे. मूळ भाषा येत नाही, इंग्रजी अनुवादावरच भिस्त.

इंग्रजीसाठी बुकरची यादी समोर ठेवून निवडता येतं, तसं स्पॅनिशसाठी काही आहे का? शोधलं तर वीस नावं समोर येतात. प्लानेता, नादाल, आल्फाग्वारा, एर्राल्दे, सेर्वान्तेस... डोकं गरगरतं. दहा लाख युरोंचा पुरस्कार मिळालेली एक कादंबरी मोठ्या अपेक्षेने घेतली होती. वाईट नव्हती, पण संपल्यावर आठवडाभरात पात्रांची नावंसुद्धा विसरले. एवढ्या पैशांत काय पाहतात हे लोक?

अट एकच: पुरस्कार कादंबरीला हवा, लेखकाच्या एकूण कारकिर्दीला नको.

दुपारचा_चहा

सेर्वान्तेस. स्पॅनिशमधला सगळ्यात मानाचा. डोळे झाकून घ्या.

खिळेजुळारी

डोळे झाकू नका. त्यांनी अट शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिली आहे हो. सेर्वान्तेस देतात तो लेखकाच्या उभ्या आयुष्यातल्या कामाला. २३ एप्रिलला आल्काला दे एनारेसच्या विद्यापीठात समारंभ, १,२५,००० युरो, सगळं झकास. पण त्यातून आज रात्री कोणतं पुस्तक उघडायचं ते कळत नाही.

उंबरठाताई, माझं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं, त्यामुळे बारीक टायपातला मजकूर आधी वाचायची खोड आहे. पुरस्काराचं नाव आणि रक्कम मी नंतर बघते, नियमावली आधी. तिथे पहिली गोष्ट बघायची ती ही: पुरस्कार छापून आलेल्या पुस्तकाला आहे की हस्तलिखिताला? तुम्ही दिलेल्या नावांपैकी सेर्वान्तेस सोडला तर बाकी चारही प्रकाशनसंस्थांचे आहेत आणि हस्तलिखितांसाठी आहेत. प्रकाशक हस्तलिखितं मागवतो, प्रकाशकाने नेमलेले परीक्षक निवडतात, आणि निवडलेलं पुस्तक तोच प्रकाशक छापून विकतो. तुमचे ते दहा लाख युरो म्हणजे प्लानेता. २०२१ पासून रक्कम एवढी झाली, त्याआधी ६,०१,००० होती. इतके पैसे ओतल्यावर ते विक्रीतून परत यायला नकोत का? त्यामुळे वाचकाला कुठेही अडायला होणार नाही असंच पुस्तक बहुधा निवडलं जातं. तुम्हाला नावं आठवत नाहीत यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही.

तुम्हाला हवाय तो रोमुलो गायेगोस पुरस्कार. स्पेनमध्ये नाही, व्हेनेझुएलात. कराकासला.

गायेगोस हे कादंबरीकार. 'दोन्या बार्बारा' ही त्यांची १९२९ची कादंबरी व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानी मुलखातली. पुढे हेच गृहस्थ देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये सूत्रं हाती घेतली आणि नोव्हेंबरमध्ये लष्कराने त्यांना हुसकावलं. पुरे वर्षही नाही. मग क्युबा, मेक्सिको असा परागंदा मुक्काम. देशात लोकशाही परतली, त्यांच्याच पक्षाचे राऊल लेओनी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९६४ मध्ये गायेगोस ऐंशी वर्षांचे होत असताना सरकारने त्यांच्या नावाने हा पुरस्कार जाहीर केला. म्हणजे पैसा सरकारी तिजोरीतला, पुस्तक कुठल्याही देशातल्या कुठल्याही प्रकाशकाचं, आणि ते आधी छापून आलेलं. छापून आलेलं, हे महत्त्वाचं! परीक्षकांच्या आधी ते लोकांनी वाचलेलं असतं, समीक्षकांनी झोडपलेलं असतं. टुकार पुस्तक निवडलं तर परीक्षकांना लपायला जागा नाही.

आता यादी बघा. सुरुवातीला पाच वर्षांतून एकदा देत असत. १९६७ला मारियो वार्गास योसा, 'ला कासा वेर्दे'. १९७२ला गाब्रिएल गार्सिया मार्केस, अर्थातच 'सिएन आन्योस दे सोलेदाद' (शंभर वर्षांचा एकांत). १९७७ला कार्लोस फुएन्तेस, 'तेर्रा नोस्त्रा'. १९८२ला फेर्नान्दो देल पासो, 'पालिनुरो दे मेहिको'. नोबेल समितीचं लक्ष जायच्या कितीतरी आधी कराकासने पहिले दोघे ओळखले होते. मार्केसना नोबेल १९८२चं, वार्गास योसांना तर २०१०चं.

पुढे दर दोन वर्षांनी द्यायला लागले. १९९५ला हाविएर मारियास, हा स्पेनमधला पहिला. १९९७ला आन्हेलेस मास्त्रेत्ता, ही पहिली स्त्री. तीस वर्षं लागली त्याला, त्याबद्दल मी वेगळा धागा काढीन. १९९९ला रोबेर्तो बोलान्यो, 'लोस देतेक्तिवेस साल्वाहेस'. २००१ला एनरिके विला-मातास.

आणखी एक नियम मला फार आवडतो: मागचा विजेता पुढच्या वेळी परीक्षक मंडळात बसतो. १९९९ला बोलान्योला निवडणाऱ्यांत मास्त्रेत्ता होती. २००१ला परीक्षकांत बोलान्यो होता. दोघांच्या लिखाणात काडीचं साम्य नाही. मला त्यातच गंमत वाटते.

कागदी_बोका

वाचनखूण साठवली आहे. खिळेजुळारीकाकू, पैशांचे किस्से राहिले. ते तुम्हीच एकदा दुसऱ्या धाग्यावर लिहिले होते, तो धागा आता सापडत नाही.

खिळेजुळारी

बोक्या, तुला पुस्तकांपेक्षा भानगडींत जास्त रस. असो, सांगते.

१९६७ साली रक्कम होती एक लाख बोलिव्हार. वार्गास योसा एकतीस वर्षांचे. त्यांनी पुढे सांगितलं त्याप्रमाणे क्युबातून असा निरोप आला की बक्षिसाचे पैसे चे गेव्हाराच्या लढ्याला जाहीरपणे देऊन टाका, आम्ही ते तुम्हाला गुपचूप परत करू. निरोप घेऊन लंडनला त्यांच्याकडे कोण गेलं होतं? आलेहो कार्पेन्तिएर. स्वतः केवढा मोठा कादंबरीकार! वार्गास योसांनी नकार दिला. तेव्हा ते क्युबाच्या बाजूचेच होते, कराकासच्या भाषणात त्यांनी क्युबाची तरफदारीही केली. पण खोटं दान नको म्हणाले. क्युबाशी त्यांचं पुढे जे फाटलं त्याचं एक सूत इथलं आहे असं मला वाटतं.

मार्केसनी १९७२ला सगळी रक्कम व्हेनेझुएलातल्याच 'मास' या नव्या डाव्या पक्षाला देऊन टाकली. सरकारने दिलेले पैसे सरकारच्या विरोधकांना! आणि २००३ला कोलंबियाच्या फेर्नान्दो वायेखोने एक लाख डॉलर कराकासच्या बेवारशी कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. तो माणूस माणसांबद्दल फारसं बरं बोलत नाही, त्यामुळे हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं.

आणि १९६७चाच आणखी एक. उरुग्वायच्या ओनेत्तीची कादंबरीही त्या वेळी शर्यतीत होती. दोन्ही कादंबऱ्यांत कुंटणखाना आहे. हरल्यावर ओनेत्ती म्हणाला म्हणे, त्याच्या कुंटणखान्यात वाद्यवृंद होता, माझ्या नव्हता, म्हणून तो जिंकला.

तिरपागडा

काकू, माहिती उत्तम, पण दोन ठिकाणी जोर कमी पडला असं वाटतं.

एक: सरकारी पैसा म्हणजे निर्मळ पैसा, असं तुम्ही गृहीत धरलंय. १९९९ला व्हेनेझुएलात चावेस राष्ट्राध्यक्ष झाले. पुढची यादी आधीच्या यादीइतकी वजनदार आहे का? आणि २०१७ला तर पुरस्कार दिलाच नाही. देशाची अर्थव्यवस्था कोसळली, बक्षीसही गेलं. प्रकाशकाचा पुरस्कार निदान दरवर्षी वेळेवर निघतो. प्लानेता १९५२ पासून चालू आहे.

दोन: हस्तलिखितांच्या पुरस्कारांना तुम्ही सरसकट मोडीत काढलंत. कार्मेन लाफोरेतचं काय? नादालच्या पहिल्याच वर्षी, जानेवारी १९४५ मध्ये, 'नादा' या कादंबरीला पुरस्कार. वय तेवीस. कुणाला माहीत नसलेली मुलगी. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये, यादवीनंतरच्या भुकेल्या बार्सिलोनावर लिहिलेलं पुस्तक. 'आधी छापून या, मग बघू' असं तिला कुणी म्हटलं असतं तर?

खिळेजुळारी

दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्याशी भांडायचं कारणच नाही. लाफोरेत माझी लाडकी. आणि तुम्ही एकच उदाहरण दिलंत, मी आणखी देते. बार्सिलोनाच्या सेइक्स बार्राल या प्रकाशनाचा 'बिब्लियोतेका ब्रेवे' पुरस्कार १९६२ला पेरू देशातल्या एका पोराच्या हस्तलिखिताला मिळाला. पोराचं नाव मारियो वार्गास योसा. पुस्तक सेन्सॉरशी घासाघीस करून १९६३ला बाहेर आलं. बोलान्योच्या ज्या कादंबरीला १९९९ला गायेगोस मिळाला, तिलाच १९९८ला एर्राल्दे मिळाला होता, हस्तलिखित असताना. तेव्हा दार उघडायचं काम प्रकाशकांच्या पुरस्कारांनी केलंय, हे कबूल. एर्राल्देची रक्कम प्लानेताच्या पासंगालाही पुरत नाही, पण नवा लेखक शोधायचा तर मी आधी तिथेच बघेन. मारियाना एन्रिकेसला २०१९ला तोच मिळाला.

माझा राग फक्त बक्षिसाची रक्कम हीच जाहिरात असते तिथे आहे. देलिबेससारख्या स्पेनच्या मोठ्या कादंबरीकाराने सांगितलं होतं की प्लानेतासाठी कादंबरी पाठवा अशी गळ त्याला प्रकाशकाकडूनच घातली गेली आणि त्याने नाही म्हटलं. २००५ला परीक्षक हुआन मार्से आलेल्या कादंबऱ्यांच्या दर्जाबद्दल उघड बोलून बाहेर पडला. तो स्वतः १९७८चा विजेता होता, बरं का! २०२१ला दहा लाख घ्यायला 'कार्मेन मोला' या बाईंच्या नावावर तीन पुरुष मंचावर चढले. त्या बाई अस्तित्वातच नव्हत्या. यात कायद्याने काही चूक नाही, टोपणनावाने हस्तलिखित पाठवायची तिथे मुभाच आहे. पण दुसऱ्या दिवशी चर्चा कादंबरीची झाली की त्या तिघांची, तुम्हीच सांगा.

पहिल्या मुद्द्यावर अर्धी सहमत. उतरण झाली. पण चावेस आले म्हणून सगळं बिघडलं, हे यादी न वाचता म्हणायचं वाक्य आहे. २००७ला एलेना पोनियातोव्स्का, मेक्सिकोच्या रेल्वे कामगारांच्या संपावरची कादंबरी. २०११ला रिकार्दो पिग्लिया. २०१३ला एदुआर्दो लालोची 'सिमोने': पोर्तो रिकोचा लेखक, अमेरिकेच्या छायेतलं बेट, ज्याच्याकडे माद्रिद किंवा बार्सिलोनाचा प्रकाशक सहसा ढुंकून बघत नाही. हे काम कुठला बाजारू पुरस्कार करणार होता? २०१७चा खंड मलाही लागला. सरकारी बक्षिसाचं हेच आहे, तिजोरी आटली की आधी पुस्तकांवर कात्री. पण २०२०ला पुन्हा दिला, अर्जेन्टिनाच्या पेर्ला सुएसला, 'एल पाईस देल दियाब्लो'साठी. एकोणिसाव्या शतकात अर्जेन्टिनाच्या सैन्याने दक्षिणेकडच्या मूलनिवासींची कत्तल केली, त्यातून वाचलेली एक मापुचे मुलगी सैनिकांच्या मागावर निघते. छोटंसं पुस्तक, वाळवंटासारखं कोरडं.

दुपारचा_चहा

माझा पहिला प्रतिसाद संपादकांनी उडवला तरी चालेल. 😄

उंबरठा

सर्वांचे आभार. काकू, नियमावली वाचायचं डोक्यातच आलं नव्हतं. आता एकच सांगा, सुरुवात कशाने करू? मार्केस वाचून झालेत. 'तेर्रा नोस्त्रा'ची पानं बघून छाती दडपली.

खिळेजुळारी

'तेर्रा नोस्त्रा' आत्ता नको. ती धीराची आहे, आणि स्पेनच्या दुसऱ्या फेलिपेचा काळ थोडा माहीत असेल तर जास्त लागते. 'पालिनुरो'ही नंतर.

मारियास घ्या. 'मान्याना एन ला बाताया पियेन्सा एन मी'. नवरा परगावी असलेल्या बाईकडे एक माणूस रात्री जेवायला येतो, शेजारच्या खोलीत तिचं लहान मूल झोपलेलं, आणि काही घडायच्या आत ती त्याच्या मिठीत मरते. आता याने काय करायचं? इथून सुरुवात आहे. वाक्यं लांबच लांब, पण धरून ठेवतात. मार्गारेट जूल कोस्टा यांचा इंग्रजी अनुवाद आहे, बाईंच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवा.

मग बोलान्यो. पहिला भाग म्हणजे मेक्सिको सिटीतल्या सतरा वर्षांच्या कवीची डायरी, तो भराभर जाईल. त्यानंतर वीस वर्षांत पसरलेल्या साक्षी येतात, बोलणारी माणसं डझनावारी, आणि ज्या दोघांबद्दल सगळे बोलतात ते दोघे स्वतः कधीच बोलत नाहीत. तिथे बरेच जण पुस्तक ठेवून देतात. तुम्ही ठेवू नका. कोण बोलतंय ते लक्षात ठेवायचा हट्ट सोडा आणि नुसतं ऐकत जा. डायरी शेवटी परत येते.

कागदी_बोका

आणि 'तीस वर्षं लागली'वाला धागा कधी?

खिळेजुळारी

रविवारी. ग्वादालाहाराच्या पुस्तकमेळ्यात स्त्रियांच्या कादंबरीसाठी सोर हुआना पुरस्कार आहे ना, १९९३ पासूनचा, तिथून सुरुवात करीन. क्रिस्तिना रिवेरा गार्साला तो दोनदा मिळालाय. तोवर तिचं काहीतरी वाचून ये, नुसता किस्से ऐकायला येऊ नकोस.