‘द फ्रेंच शेफ’ पहिल्यांदाच पाहते आहे. पुढे कोणते भाग पाहावेत?

ओवी

नमस्कार मंडळी. ज्युलिया चाइल्ड यांच्या ‘द फ्रेंच शेफ’ या पाककलेच्या जुन्या अमेरिकन मालिकेचे नाव मी ऐकून होते, परंतु तिचा एखादा संपूर्ण भाग पाहण्याचा योग आता आला. कांद्याच्या सुपाचा तो कृष्णधवल भाग सुरू केला आणि संपेपर्यंत मी जागची हलले नाही. जवळजवळ अर्धा तास बाई एकाच सुपाविषयी बोलतात, आणि कांदा कसा धरायचा, कसा कापायचा, किती संथपणे परतायचा हे इतक्या आस्थेने सांगतात की स्वयंपाक रोज करणाऱ्या मलाही शिकण्यासारखे पुष्कळ सापडले.

आपल्याकडचे पाककृतींचे कार्यक्रम मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्यांत चिरलेले, वाटलेले सारे वाट्यांत मांडलेले असते आणि छोट्याशा विश्रांतीनंतर पदार्थ सजून समोर येतो. येथे मात्र पातेल्यात काय घडते आहे ते दिसत राहते. हा कार्यक्रम अशा रीतीने का चित्रित झाला असावा? आमच्या घरी अंडी चालतात, परंतु मांस-मासे होत नाहीत. तेव्हा आम्ही कोणते भाग पाहावेत? आणि बाईंच्या हातून कोंबडी जमिनीवर पडली व त्यांनी ती उचलून तशीच वाढली, ही गोष्ट खरी आहे का?

जुनी_चित्रफीत

कोंबडीची गोष्ट खरी नाही. घडले ते असे, की 1963 मधील बटाट्याच्या भागात बटाट्याचा मोठा थर तव्यावर उलटवताना त्याचा काही भाग बाहेर, शेगडीवर पडला. बाईंनी तो गोळा करून पुन्हा तव्यात घातला, उलटवताना हवी तेवढी हिंमत आपण दाखवली नाही हे प्रेक्षकांना सांगितले, आणि स्वयंपाकघरात आपण एकटेच असतो, मग कोण पाहणार, असे म्हणून त्या पुढे गेल्या. सांगोवांगी त्या बटाट्याची कोंबडी झाली आणि शेगडीची जमीन. मला स्वतःला तो प्रसंग मालिकेतला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण फसलेला पदार्थ सावरायचा कसा, हे पाककृतीच्या पुस्तकात सहसा लिहिलेले नसते.

आता चित्रणाविषयी. ही मालिका बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या शैक्षणिक वाहिनीने केली आणि 11 फेब्रुवारी 1963 रोजी तिचा पहिला भाग प्रसारित झाला. वाहिनीची इमारत 1961 मध्ये आगीत जळाली होती, त्यामुळे सुरुवातीचे चित्रण बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधील वीज कंपनीच्या प्रात्यक्षिकांसाठी बांधलेल्या स्वयंपाकघरात झाले. चित्रफितीचे संपादन त्या काळी किचकट आणि खर्चिक होते, म्हणून सुमारे 28 मिनिटांचा भाग शक्यतो एका दमात, न थांबता चित्रित केला जाई. जे दीर्घकाळ शिजणारे असे, त्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवरच्या प्रती आधीच तयार ठेवलेल्या असत. म्हणजे वाट्या तेथेही होत्याच, ओवीताई. परंतु ज्या क्रियेत कौशल्य आहे ती क्रिया मात्र टाळलेली नसे. बाईंचे पती पॉल चाइल्ड सामान वाहून आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत पडद्यामागची कामे करीत. भागाच्या शेवटी बाई ज्या प्याल्यातून वाइन घेताना दिसतात, त्यात सुरुवातीच्या काळात पुष्कळदा रंग दिलेले पाणी असे, इतका तो कार्यक्रम काटकसरीचा होता.

दूरचित्रवाणीवरचा हा पहिला पाककार्यक्रम नव्हे. जेम्स बिअर्ड यांचा कार्यक्रम 1946 मध्येच अमेरिकेत सुरू झाला होता. परंतु डबाबंद सुपे आणि गोठवलेली तयार जेवणे घरोघरी पोचलेली असताना, प्रेक्षकाने हे सारे स्वतःच्या हातांनी करावे असा आग्रह धरून ज्युलियाबाई दहा वर्षे शिकवत राहिल्या. 1970 पासूनचे भाग रंगीत आहेत, तरीही सुरुवात कृष्णधवल भागांपासूनच करावी, असे मी आवर्जून सुचवेन.

तूपलोणी

मीही सामिष खात नाही, आणि तरीही पहिला भाग, म्हणजे बरगंडी पद्धतीच्या गोमांसाचा, मी पूर्ण पाहिला आहे. ज्यांना ते पाहणे नको वाटते त्यांनी तो अवश्य वगळावा. मला मात्र त्यातून जे मिळाले ते मांसापुरते मर्यादित नव्हते. परतायचा पदार्थ आधी टिपून कोरडा करावा आणि भांड्यात गर्दी करू नये, कारण ओलावा असेपर्यंत पदार्थ वाफेवर शिजत राहतो आणि त्याला तांबूस रंग चढत नाही, हे तत्त्व आपल्या मश्रूमला, पनीरला, अगदी वांग्याच्या फोडींनाही लागू पडते. मश्रूम बाईंच्या पद्धतीने मोठ्या आचेवर परतून पाहा. ती आधी सगळे लोणी पिऊन टाकतात आणि तवा कोरडा पडतो. तेथे घाबरून आणखी लोणी घालायचे नाही. दोन-तीन मिनिटांत स्निग्धांश पुन्हा वर दिसू लागतो आणि मग रंग येतो.

बाई वारंवार सांगतात, की लोण्याचा फेस बसू लागला म्हणजे तवा तापला. हे वाक्य परके वाटण्याचे काहीच कारण नाही. घरी लोणी कढवून तूप करताना आपण जी तडतड कान देऊन ऐकतो, ती थांबली म्हणजे पाणी उडून गेले हे आपल्याला कळते. तिकडचा फेस हीच खूण डोळ्यांनी देतो. फरक एवढाच, की आपण बेरी तांबूस होईपर्यंत थांबतो, आणि ऑम्लेटसाठी त्या टप्प्याच्या आधीच अंडी तव्यात पडावी लागतात, कारण फ्रेंच ऑम्लेट पिवळेच राहायला हवे.

तुमच्यासाठी बटाटा, ऑम्लेट आणि सूफ्ले (फेटलेल्या अंड्यांमुळे भट्टीत फुगणारा पदार्थ) हे भाग योग्य ठरतील.

ओवी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बटाट्याचा भाग आजच पाहीन. आणखी दोन शंका आहेत. कांद्याच्या सुपात गोमांसाचा अर्क असतो. त्याऐवजी भाज्यांचे पाणी वापरले तर सूप पांचट होणार नाही ना? आणि माझ्या वडिलांना हल्ली कमी ऐकू येते; त्यांना हे भाग कसे दाखवता येतील?

तूपलोणी

मश्रूमची देठे, गाजर, सेलरी आणि थोडा टोमॅटो यांचे पाणी तासभर मंद उकळून गाळून घ्या. चवीचा खरा भार कांद्यावर आहे, तेव्हा तेथे घाई नको. लोणी आणि थोडे तेल घालून कांदा आधी झाकून पंधरा मिनिटे, मग मीठ आणि चिमूटभर साखर घालून उघडा, मधूनमधून हलवत तीस ते चाळीस मिनिटे परतावा. गडद तपकिरी झाल्यावरच मैदा घालावा.

जुनी_चित्रफीत

वडिलांसाठी ही मालिका अगदी योग्य आहे. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पडद्यावर संवाद लिहून दाखवण्याची सोय अमेरिकेत राष्ट्रीय प्रसारणावर पहिल्यांदा 1972 मध्ये झाली, आणि ती याच कार्यक्रमाच्या भागांवर. सर्वच जुन्या प्रतींवर तो मजकूर दिसत नाही, त्यामुळे आधी भाग उघडून, इंग्रजी उपशीर्षके चालू होतात का ते तपासून घ्या. तरीही ज्या भागांत बोलण्यापेक्षा हातांचे काम अधिक आहे, असे भाग त्यांना प्रथम दाखवावेत. बटाट्याचा भाग त्यांपैकीच एक आहे.