आईची पित्ताची गोळी चार वर्षं चालू आहे, बंद करू का?

प्रश्न (सांगलीची लेक):
आई ६७ वर्षांची. रात्री आडवी झाली की घशाशी आंबट यायचं, म्हणून डॉक्टरांनी पॅन्टोप्रॅझोल ४० दोन महिन्यांसाठी दिली होती. त्याला चार वर्षं झाली. जुनी चिठ्ठी दाखवून दर महिन्याला गोळ्या येतात. परवा मी हट्टाने बंद करायला लावली, तर तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त जळजळ. "बघ, मला ही जन्मभर लागणार," म्हणते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आहे. हल्ली तळपायाला मुंग्या येतात. मला काळजी वाटते.

उत्तर (मेडिकल दुकान, २२ वर्षं):
ताई, ही जळजळ म्हणजे मूळ दुखणंच उलटलं असं लगेच धरू नका. ही गोळी जठरातले आम्लाचे पंप बंद ठेवते, तर शरीर ते चालवायला गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं. गोळी अचानक थांबली की आम्ल उसळतं, काही आठवडे तसं राहू शकतं. म्हणून डॉक्टर ४० वरून २० वर आणतात, मग दिवसाआड, आणि मधल्या जळजळीला फॅमोटिडिन किंवा साधं अँटासिड देतात. घरात पित्ताची जुनी गोळी रॅनिटिडिन पडली असेल तर ती वापरू नका. एनडीएमए या घातक घटकामुळे अमेरिकेने २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली.

पण आधी एक सांगा, आई गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेते का? घेत असेल तर पित्ताची गोळी जठराला अल्सरपासून जपत असते. ती आपल्या मनाने थांबवायची नाही. आणि घेते कधी? चहा-नाश्ता झाल्यावर घेतली तर पूर्ण गुण येत नाही. नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची.

उत्तर (कोल्हापूर):
मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या वडिलांना याच दोन गोळ्या चालू होत्या, बी-१२ हे नसांना लागणारं जीवनसत्त्व फार कमी निघालं. दोन्हींनी ते उतरतं. शौच काळी झाली, घास अडकला किंवा वजन उतरलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ती:
आत्ता विचारलं. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक घेते, आणि पित्ताची गोळी नाश्त्यानंतर! मी ती बंद करायला नको होती. उद्यापासून नाश्त्याआधी परत सुरू करतेय. सोमवारी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आईला डॉक्टरांकडे नेते, बी-१२ ची तपासणीही करून घेते.